शनिवार पाळणाऱ्यांच्या गावी, सावकाश
ज्येष्ठांसाठी मुंबई, अलिबाग आणि पुण्यातील यहुदी वारशाची सहल

गोंदिया, प्रतिनिधी

गोंदियाकरांना नवेगाव म्हटले की अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव आठवतो. या नावाशी मिळतेजुळते एक गाव महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी आहे. त्याचे नाव नवगाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, वाहून आलेले आप्तांचे मृतदेह त्यांनी नवगावच्या भूमीत पुरले आणि तेथेच संसार मांडला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. महाराष्ट्राच्या मातीत रुजलेल्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची कथा येथून सुरू होते.

हा वारसा पाहण्यासाठी ना डोंगर चढावा लागतो, ना मैलोन्‌मैल चालावे लागते. जुनी प्रार्थनालये, दफनभूमी, एक ग्रंथालय, एक रुग्णालय आणि चार-दोन गल्ल्या एवढाच त्याचा पसारा. मात्र तो घाईने पाहू गेल्यास हाती काहीच लागत नाही. म्हणूनच साठी-सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या, पण जग पाहण्याची हौस शिल्लक असलेल्या वाचकांसाठी ही सहल योग्य ठरते. तिची सविस्तर माहिती येथे देत आहोत.

शनिवार तेली

कोकणात स्थिरावलेल्या या मंडळींनी शेतीबरोबर तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. पूर्व विदर्भातील जुन्या पिढीला तेलघाणी परिचयाची आहे. कोकणातील या घाण्यांची एक खूण होती. आठवड्यातील सहा दिवस ते चालत आणि शनिवारी बंद राहत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम करायचे नाही, हा यहुदी धर्मातील शब्बाथचा नियम. शेजाऱ्यांना त्या धर्माची माहिती नव्हती; त्यांना बंद घाणा तेवढा दिसत होता. त्यांनी या लोकांना 'शनिवार तेली' असे नाव दिले. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या कामाऐवजी त्याच्या विश्रांतीवरून ठरावी, हे उदाहरण विरळाच.

मूळ भूमीशी संबंध तुटलेला, धर्मग्रंथ हरवलेले, पुरोहित नाही, अशा अवस्थेत शतके लोटली. तरीही शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, 'शेमा' ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम या समाजाने सोडले नाहीत. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ कोकणात आला. त्याने परीक्षा म्हणून स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडले. यहुदी धर्मात तेच ग्राह्य मानतात. हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली आणि त्याने त्यांना धर्मविधी शिकवले, अशी आख्यायिका आहे. रहाबी नेमका केव्हा आला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा मिसळल्याचे आढळले.

राहत्या गावावरून आडनाव घेण्याची कोकणी रीत या समाजानेही उचलली. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चौलकर. आडनावांची ही यादी हाती घेऊन रायगड जिल्ह्याचा नकाशा पाहावा, तर समाजाचा सारा इतिहास त्यावर उमटलेला दिसतो. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांचा इतिहास लिहून ठेवला; तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

सणांची मराठी नावे

या समाजाने आपल्या सणांना दिलेली मराठी नावे वाचली की परकेपणा गळून पडतो. यहुदी नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. त्यानंतर येणारा 'खिरीचा सण'. दिवसभर दारे लावून उपवास व प्रायश्चित्त करायचे तो 'दारफाळणीचा सण'. राणी एस्तेरच्या स्मरणार्थ येणारा पुरीम हा होळीच्या सुमारास पडत असल्याने 'होळीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला, त्या शोकदिनी वालाचे बिरडे खायचे म्हणून तो 'बिरड्याचा सण'.

शुभकार्याच्या वेळी 'मलिदा' हा विधी होतो. भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर, ओले खोबरे, सुका मेवा आणि वेलची घालून ताट सजवतात, सोबत फळे ठेवतात आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताचे स्मरण करतात. पोह्यांशी जन्माचे नाते असलेल्या धानउत्पादक गोंदिया जिल्ह्याला या प्रसादाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. मांस आणि दूध एकत्र न करण्याच्या नियमामुळे या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला मोठे स्थान आहे. गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून केलेला चिकाचा हलवा हे नववर्षाचे खास पक्वान्न.

धर्मग्रंथही मराठीत आले. वल्हांडणाच्या सणाला वाचायचे 'हग्गादा' हे पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले. त्यातील चित्रात साड्या नेसलेल्या स्त्रिया सणाची बेखमीर भाकरी तयार करताना दिसतात. १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तनाचा प्रकारही आपलासा केला आणि बायबलमधील कथा मराठी कीर्तनांतून रंगू लागल्या.

कमी चालणाऱ्यांचा लाभ

साधारण सहलींचा दिनक्रम ज्येष्ठांच्या परिचयाचा आहे. पहाटे पाचला उठायचे, बसमध्ये बसायचे, दिवसाकाठी सहा-सात ठिकाणे उरकायची आणि रात्री नवव्या तासाला सुजलेले पाय घेऊन मुक्कामी पोहोचायचे. गटातील एखादे आजोबा मागे पडले की सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात. पुढच्या वेळी तेच आजोबा "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो" असे म्हणतात. घरच्यांना ते समजूतदारपणाचे वाटते. वस्तुतः तो बहुतेक वेळा संकोच असतो.

यहुदी वारशाच्या सहलीत ही अडचण उलटून लाभाची होते. प्रार्थनालयात बसायला बाके असतात. छत उंच असते, हवा खेळती असते. पंधरा मिनिटे शांत बसल्याशिवाय तेथील रंगीत काचा, लाकूडकाम, टांगलेले दिवे नजरेत भरत नाहीत. देखभाल करणारी मंडळीही बहुधा वयाने मोठी असतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि घाईतल्या माणसाला ते कोणी सांगत नाही.

या सहलीचा एकच नियम पाळावा. दिवसाला एकच मुख्य ठिकाण, तेही सकाळी. दुपारी विश्रांती. संध्याकाळी जमल्यास जवळपास फेरफटका. आणि शनिवार पूर्ण मोकळा.

गोंदियाहून निघताना

गोंदियाहून मुंबईला थेट जाणारी विदर्भ एक्सप्रेस या प्रवासासाठी सोयीची आहे. दुपारी निघून ती दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचते. ज्येष्ठांनी दादरला उतरण्याचा मोह टाळून शेवटच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे. तेथे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट एका टोकाला संपतात. त्यामुळे जिना किंवा पूल न चढता सपाट वाटेने बाहेर पडता येते. गाडीचाही तो अखेरचा थांबा असल्याने उतरताना धावपळ होत नाही. चाकाची खुर्ची हवी असल्यास स्थानकावर आधी कळवावे.

आरक्षणात ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांना खालच्या बर्थसाठी प्राधान्य मिळते. त्यासाठीच्या राखीव कोट्याचा लाभ एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असताना मिळतो. म्हणून आठ जणांचा गट असला तरी तिकिटे दोघादोघांची काढलेली बरी. ज्येष्ठांना पूर्वी मिळणारी रेल्वेभाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, ही बाब खर्चाचा अंदाज बांधताना ध्यानात ठेवावी. एसटीने मात्र ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील दमट उकाडा पूर्व विदर्भाच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांनाही सोसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यहुदी नववर्ष व पाठोपाठचे सण येतात. त्या दिवसांत प्रार्थनालये पाहुण्यांसाठी खुली असतीलच असे नाही.

मुंबई : ससून आणि दिवेकर

मुंबईत यहुद्यांच्या दोन परंपरा भेटतात. एक कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांची, दुसरी बगदादकडून आलेल्या व्यापाऱ्यांची. दुसऱ्या परंपरेतील सर्वांत मोठे नाव डेव्हिड ससून यांचे. १७९२ मध्ये बगदाद येथे जन्मलेले ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापूस आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार यांतून त्यांच्या घराण्याने अमाप संपत्ती मिळवली. त्या संपत्तीचा मोठा भाग शाळा, रुग्णालये, ग्रंथालये यांवर खर्च झाला. अफूचा पैसा आणि रुग्णालयाचा दगड या दोन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या इतिहासात आहेत, हे ज्येष्ठ वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही.

फोर्ट भागातील केनेसेथ एलियाहू हे प्रार्थनालय १८८४ मध्ये जेकब ससून यांनी बांधले. दीर्घ काळ निळ्या रंगामुळे ओळखल्या गेलेल्या या वास्तूचे जतनकाम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झाले आणि २०१९ मध्ये तिला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले. मुख्य प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर असल्याने जिना चढावा लागतो. कठड्याला धरून, मध्ये थांबत चढावे. ज्यांना जिना वर्ज्य आहे त्यांनी बाहेरून इमारत पाहून सोबत्यांची वाट पाहिली तरी काही बिघडत नाही. पश्चिमेकडील मोठी रंगीत काच पाहण्यासारखी आहे. जेरुसलेम भारताच्या पश्चिमेस असल्याने येथील यहुदी पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करतात.

तेथून जवळच डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७० मधील दगडी इमारत आहे. मागील बाजूची बाग आणि आरामखुर्च्या यांसाठी ते प्रसिद्ध आहे. सभासद नसलेल्यांनी आत जाण्याविषयी प्रवेशद्वारी विचारावे.

भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनालय १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांनी उभारले. उंच घड्याळी मनोरा आणि प्रशस्त आवार ही त्याची वैशिष्ट्ये. टॅक्सी थेट दाराशी न्यावी.

बेने इस्राएलांचे मुंबईतील पहिले प्रार्थनालय मात्र यांपेक्षा जुने आहे. मांडवीतील शाअर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार, १७९६ मध्ये सॅमाजी हसाजी दिवेकर यांनी स्थापन केले. दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता, 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून त्यांना जीवदान मिळाले, कारण कुराणात या लोकांचा उल्लेख आहे. सुटका झाल्यास प्रार्थनालय बांधीन, हा नवस त्यांनी मुंबईला परतल्यावर फेडला, अशी कथा आहे. त्या काळी हे लोक आपल्या प्रार्थनालयाला 'मशीद' म्हणत. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव या 'जुन्या मशिदी'वरून पडले असे मानले जाते. हा भाग घाऊक बाजाराचा असून हातगाड्या आणि गर्दी यांमुळे सावकाश चालणाऱ्यांस अवघड आहे. प्रकृती साथ देत असेल तर सकाळी लवकर टॅक्सीने जावे, अन्यथा हे ठिकाण वगळावे.

मुंबईच्या सार्वजनिक जीवनावरील या समाजाची छापही ध्यानात घेण्यासारखी आहे. महालक्ष्मीजवळील डॉ. ई. मोझेस मार्ग हा १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. एलिजा मोझेस यांच्या नावाचा. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'बूट पॉलिश' चित्रपटातील जॉनचाचा, अर्थात अभिनेते डेव्हिड, हे चौलकर. त्यांना पडद्यावर पाहिलेल्या पिढीतील अनेकांना ते बेने इस्राएल होते हे ठाऊकही नसते.

अलिबाग : मुळाकडे

मुंबईहून अलिबागला जाण्यासाठी गेटवेवरून मांडव्यापर्यंत बोटी सुटतात. त्यांत चढउतार करताना दगडी पायऱ्या आणि हलणारी बोट यांचा मेळ साधावा लागतो. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट ज्येष्ठांना अधिक सोयीची. तीत मोटारी चढतात त्याच अर्थी रुंद उतार असतो आणि आपले वाहनही सोबत नेता येते. सुमारे तासाभरात मांडवा येते. तेथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर.

अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ हे १८४८ मध्ये स्थापन झालेले प्रार्थनालय आहे. आता या आळीत यहुदी कुटुंबे अगदी थोडी उरली आहेत. अली नावाच्या एका श्रीमंत इस्राएलाच्या बागांवरून गावाला अलिबाग हे नाव पडले, अशी एक समजूत सांगितली जाते.

नवगावची दफनभूमी हे या सहलीचे मुख्य ठिकाण. गलबत फुटून मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ येथे स्मारक उभारले आहे. सकाळच्या उन्हात, डोक्यावर टोपी घेऊन, काठी सोबत ठेवून येथे यावे. पाहण्यासारखे भव्य असे येथे काही नाही. नारळीची झाडे, समुद्राचा वारा आणि जमिनीत मिसळून गेलेल्या कबरी. कोकणातील यहुदी दफनभूमींत हिब्रूच्या जोडीला मराठीत लिहिलेले शिलालेख आढळतात. वडिलांचे नाव, गावचे आडनाव, मृत्यूची तारीख. आपल्या गावच्या स्मशानातील दगडावर जे लिहिलेले असते तेच, फक्त नावे आब्राहाम, रिबेका आणि मोशे अशी. यहुदी रीतीप्रमाणे कबरीवर फुलांऐवजी छोटा खडा ठेवतात आणि बाहेर पडताना हात धुतात.

अलिबाग तालुक्यातच खंडाळा नावाचे गाव आहे. लोणावळ्याजवळचे खंडाळा ते हे नव्हे, हे वाहनचालकाला आधीच स्पष्ट सांगावे. येथील कातळावरच्या खुणा एलियाहू हन्नावीच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या आहेत, अशी श्रद्धा असून लोक तेथे मलिदा करून नवस फेडतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे जाणारी गोंडी बांधवांची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खडकाशी जडलेल्या श्रद्धेचे हे रूप नवे वाटणार नाही. कातळ उंचसखल असल्याने सोबत्याचा हात धरूनच जावे.

वेळ आणि शक्ती असल्यास दक्षिणेकडे रेवदंड्याचे १८४२ मधील बेथ एल प्रार्थनालय पाहता येईल. नसल्यास समुद्राकाठी बसावे.

पेणमार्गे पुणे

अलिबागहून पुणे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मध्ये पेण लागते. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १८६३ मधील बेथ हाएलोहिम हे प्रार्थनालय आहे. चहापाणी आणि पाय मोकळे करणे यांसाठी येथे थांबावे. आत जायचे असल्यास आधी विचारणा केलेली असावी.

पुण्याच्या लष्कर भागातील ओहेल डेव्हिड हे पुणेकरांचे 'लाल देऊळ'. १८६३ मध्ये बांधकाम सुरू होऊन १८६७ मध्ये ते पूर्ण झाले. लाल विटांचे बांधकाम, सुमारे ९० फूट उंच मनोरा आणि त्यावरील घड्याळ लांबूनच दिसते. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात निधन पावले. त्यांची समाधी याच आवारात आहे. पुणे स्थानकाजवळील ससून रुग्णालय १८६७ मधील. विदर्भातील कित्येक कुटुंबांनी या रुग्णालयाचे नाव ऐकलेले असते, पण ते बगदादहून आलेल्या एका यहुदी व्यापाऱ्याचे आडनाव आहे याची कल्पना थोड्यांनाच असते. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे १९२१ मधील प्रार्थनालय बेने इस्राएलांचे आहे.

पुण्याहून गोंदियापर्यंत थेट येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस परतीसाठी उपलब्ध आहे. प्रवास लांबचा असल्याने निघण्याच्या दिवशी सकाळनंतर काही ठरवू नये.

भेटीचे संकेत

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधील यहुदी केंद्र लक्ष्य झाले आणि तेथील रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह अनेकांचा बळी गेला. त्यामुळे प्रार्थनालयांबाहेर पोलीस बंदोबस्त असतो आणि ओळखपत्राची तपासणी होते. याबद्दल नाराज होऊ नये. भेटीची परवानगी काही दिवस आधी घ्यावी आणि प्रत्येकाने छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

पुरुषांनी आत जाताना डोके झाकावे. गांधी टोपी किंवा स्वच्छ रुमाल चालतो. स्त्रियांसाठी परंपरेने स्वतंत्र सज्जा असतो. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. चपला काढायच्या की नाही, हेही तेथील सेवकास विचारलेले बरे. पवित्र 'सेफेर तोरा' म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याला 'हेखाल' म्हणतात. त्याला हात लावू नये. जमातीच्या प्रमुखास 'मुकादम', प्रार्थना चालवणाऱ्यास 'हजान' आणि देखभाल करणाऱ्यास 'शम्माश' अशी नावे आहेत. शम्माशाला नमस्कार करून मराठीत दोन शब्द बोलावेत. दानपेटी असल्यास यथाशक्ती काही टाकावे.

अकरा दिवसांचा आराखडा

सोमवार : दुपारी गोंदियाहून प्रस्थान.
मंगळवार : मुंबईत आगमन, पूर्ण विश्रांती.
बुधवार : सकाळी केनेसेथ एलियाहू, नंतर ससून ग्रंथालय.
गुरुवार : सकाळी मागेन डेव्हिड, भायखळा.
शुक्रवार : रो-रो बोटीने मांडवा व अलिबाग.
शनिवार : विश्रांती. यहुदी स्थळे या दिवशी पाहू नयेत.
रविवार : सकाळी नवगाव.
सोमवार : मागेन आबोथ, शक्ती असल्यास संध्याकाळी खंडाळा.
मंगळवार : पेणमार्गे पुणे.
बुधवार : सकाळी लाल देऊळ, त्यानंतर परतीचा प्रवास.
गुरुवार : गोंदिया.

रोजची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवावीत. मधुमेहींनी खाण्याच्या वेळा सांभाळाव्यात. मुक्काम तळमजल्यावर किंवा उद्वाहन असलेल्या इमारतीत घ्यावा. चार ते सहा जणांचा गट पुरेसा. चालण्याचा वेग गटातील सर्वांत सावकाश व्यक्तीने ठरवावा.

दहा माणसांची गरज

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. छळ झाला म्हणून ती गेली नाहीत. भारतात त्यांना धर्मावरून कोणी त्रास दिला नाही, हे समाजातील मंडळी आवर्जून सांगत आली आहेत. उलट तिकडे गेल्यावर त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. विवाहावरील निर्बंधांविरुद्ध त्यांना लढा द्यावा लागला आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य झाले. तिकडे मराठी टिकवण्यासाठी 'मायबोली' हे नियतकालिक निघाले. १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषद इस्राएलमध्ये भरली.

मागे राहिलेल्यांची संख्या मात्र घटत गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात सुमारे साडेचार हजार यहुदी नोंदले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातील. राज्य शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील अनेक गावांत एवढी माणसे जमत नाहीत. दार उघडणारे हात थोडे, तेही थकलेले.

पर्यटक गेल्याने ही दहाची संख्या भरून निघत नाही, कारण ती त्या धर्मातील माणसांची आहे. पण उघडलेल्या दारातून कोणी आत येते, बाकावर बसते, कबरीवरील मराठी नाव वाचते, एवढ्याने दार उघडण्याला कारण मिळते. हे काम सावकाश चालणाऱ्या, बसून ऐकणाऱ्या माणसाला सर्वांत चांगले जमते. "मी घर सांभाळतो" असे म्हणणाऱ्या आजोबांना यंदा सोबत घ्यावे. आठवड्यातील एक दिवस थांबणे ज्या समाजाने दोन हजार वर्षे जपले, त्याच्या दारी थांबत-थांबत आलेल्या पाहुण्याला उशीर झाला, असे कोणी म्हणणार नाही.